एकाच दिवशी जन्मलेले चारशे बारा

काम फत्ते झालं, तर प्रोग्रामरच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: कायमची नोकरी, न डुगडुगणारी खुर्ची आणि सासऱ्यांपुढे सांगण्याजोगा हुद्दा. फसलं, तर एकच: सोमवारपासून घरी. तीनास एक! असा सौदा कोण सोडतो?

जनावरांच्या दवाखान्यातली त्याची तीन महिन्यांची उमेदवारी शुक्रवारी संपत होती. गुरुवारी दुपारी त्यानं डॉक्टरीणबाईंपुढे फळ्यावर मोठ्ठा चौकोन काढला.

"आपल्या डेटाबेसच्या टेबलात आतापर्यंत नुसत्या ओळी होत्या, मॅडम! नाव, वजन, जन्मतारीख. सगळ्या मुक्या! आता मी 'प्राणी' हा ऑब्जेक्ट टाइप बनवलाय. म्हणजे साचा. त्यातून निघालेल्या प्रत्येक ओळीला स्वतःच्या मेथड येतात. म्हणजे वय विचारा, मोजून सांगेल. तपासणी कधी, तेही सांगेल!"

"साच्यातून काढतं कोण?"

"कन्स्ट्रक्टर! सुईणच समजा. आणि काही माहिती राहिली असेल, तर तीही तो स्वतःच भरतो!"

कोपऱ्यातून नोंदणीच्या काकूंनी चष्मा खाली ओढला. बावीस वर्षं जनावरांची दप्तरं त्यांच्या हाताखालून गेली होती.

"स्वतःच्या मनानं भरतो? मला ठाऊक नसेल, तर मी जागा रिकामी ठेवते हो."

"आता रिकामं काही राहणारच नाही, काकू!"

"बरं बाबा," काकू म्हणाल्या. काकूंचं 'बरं बाबा' म्हणजे तारखेसकट सही केलेली हरकत असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

जन्मतारीख दिली नसेल, तर आजची धरायची, असं त्यानं कन्स्ट्रक्टरला शिकवलं होतं. दवाखान्यातच जन्मणाऱ्या पिल्लांसाठी ते ठीक होतं. पण संध्याकाळी त्यानं जुन्या नोंदीही त्याच साच्यातून काढल्या. त्यांतली चारशे बारा म्हातारी जनावरं कुणी रस्त्यावरून घरी आणलेली, कुणी वाडवडिलांपासूनची. त्यांची जन्मतारीख कुणाला ठाऊक असणार? चारशे बारा वृद्ध त्या संध्याकाळी एका दमात जन्माला आले! तपासणीच्या मेथडनंही कर्तव्य बजावलं. घरोघरी निरोप गेला: 'तुमच्या नवजात बाळाचं स्वागत! पहिली तपासणी उद्या सकाळी दहा वाजता.'

प्रोग्रामरनं ओळी मोजल्या. जेवढ्या गेल्या, तेवढ्या आल्या. शीळ घालत घरी गेला.

सकाळी फोन खणखणू लागला.

"अहो, बाळ कसलं? चौदा वर्षांची कुत्री आहे! तोंडात दात नाही तिच्या!"

"कासव आहे माझं! आजोबांनी पाळलेलं!"

दहाच्या आत रांग फाटकाबाहेर. सगळ्यांच्या पुढे निवृत्त हेडमास्तर, बगलेत बोका.

"या बोक्याची नसबंदी तुम्हीच केलीत! मग याला बाळ कुठून? मला लेखी खुलासा हवा!"

प्रोग्रामर धावत कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. घाईघाईत त्यानं नियम फिरवला: जन्मतारीख नाही, तर प्राणीच नाही. मूळ नोंदी पुन्हा साच्यातून काढल्या. आणखी छान! काकूंनी बोक्याचं नाव टाकलं, पडदा म्हणाला: 'असा प्राणी अस्तित्वात नाही.'

"नाही?" हेडमास्तर कडाडले. "मग मला ओरबाडतंय कोण?"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. प्रोग्रामरनं मनातल्या मनात बॅग भरली. त्यांनी रांगेवर नजर फिरवली आणि बाह्या सारल्या.

"आलेत ना? घ्या एकेकाला आत!"

दुपारपर्यंत साठ जनावरं तपासून झाली. चौदा वर्षांच्या कुत्रीच्या हिरडीत पू निघाला. बोक्याच्या पोटाशी गाठ सापडली, तीही वेळेवर. हेडमास्तर खुलासा विसरून बोक्याच्या पाठीवर हात फिरवत बसले.

"दरवर्षी पत्रं पाठवते मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या जनावरांना घेऊन एक माणूस येत नाही. तुझ्या चुकीनं साठ आले! सोमवारपासून तू कायम. पण निरोप काकूंनी वाचल्याशिवाय जायचा नाही."

"आणि त्या तुझ्या सुईणीला 'ठाऊक नाही' म्हणायला शिकव," काकू म्हणाल्या. "दात बघून मी वय सांगते, तू 'अंदाजे' म्हणून लिही. धर त्या बोक्याचा जबडा!"

कायमच्या नोकरीतलं ते पहिलं काम.

तर हिशेब असा: दवाखान्याला साठ रुग्ण मिळाले, बोक्याला आयुष्य मिळालं, काकूंना अखेरचा शब्द मिळाला. किंमत चुकवली प्रोग्रामरच्या उजव्या हातानं. ओरखडे एकूण सात. सहा बोक्याचे, एक हेडमास्तरांचा!