छाटलेलं फंक्शन आणि पहिल्या आरतीचा मान

काळाचौकीच्या मंडळाची वेबसाइट उघडायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात माणूस रांगेत उभा राहून प्रत्यक्ष दर्शन घेऊन यायचा. अध्यक्ष रघुवीर सावंतांनी हे भर सभेत बोलून दाखवलं, आणि तेही गुणाजी परबांच्या देखत. निलेशला तेच जास्त लागलं. वेबसाइट त्याने बनवलेली होती आणि गुणाजी हे श्रेयाचे वडील होते. श्रेया निलेशला द्यायची की नाही, याचा निकाल त्यांनी "गणपतीत बघू" म्हणून राखून ठेवला होता.

"भाऊ, लोचा लायब्ररीचा आहे," निलेश म्हणाला.

"आपल्या वाचनालयाला कुलूप आहे रे कधीपासून."

"कोडची लायब्ररी हो! त्यात तयार फंक्शनं असतात. तारीख लिहिणारं, यादी लावणारं, आडनाव शोधणारं. आपल्याला लागतात चार आणि लोकांच्या मोबाइलवर उतरतात चारशे. रुमाल घ्यायला हिंदमाताला जायचं आणि अख्खं दुकान टेम्पोत घालून आणायचं, तसं."

"मग?"

"एक टूल आहे. ते सगळं कोड वाचतं, कोण कुणाला बोलावतं ते बघतं. ज्याला कुणीच बोलावत नाही, त्याला छाटून टाकतं."

रघुवीरभाऊंनी सल्लागारांच्या रांगेकडे प्रेमाने पाहिलं. "कमिटीसाठी निघालंय का रे असं काही?"

निलेशने टूल चालवलं. वेबसाइट चुटकीसरशी उघडू लागली. त्याने ती गुणाजींना नेऊन दाखवली. गुणाजी "हं" म्हणाले. श्रेयाच्या मते हा अर्धा होकार होता.

आता मंडळाची एक रीत होती. पहिल्या संध्याकाळची आरती दरवर्षी चाळीतल्या एका घराची, पाळीपाळीने. घरं चाळीस, त्यामुळे मान फिरून यायला चाळीस वर्षं. मागल्या खेपेला गुणाजींच्या वडिलांनी आरती केली, तेव्हा गुणाजी हाफ पँटीत झांजा वाजवत होते. यंदा मान त्यांचा होता. पुढचा मान येईपर्यंत ते नव्वदी ओलांडणार होते आणि तसा त्यांचा काही विचार नव्हता. त्यांनी नवं सोवळं घेतलं आणि कणकवलीहून भावकी बोलावली.

मानकऱ्याला मेसेज वेबसाइटवरून जायचा. चाळीसांतून यंदाचं घर निवडणारं फंक्शन त्याच लायब्ररीत होतं. पण निलेशने त्याचं नाव कोडमध्ये न लिहिता सेटिंगच्या पानावर लिहून ठेवलं होतं. वर्षातून एकदा तिथून ते नाव उचलायचं आणि फंक्शनला हाक मारायची, अशी व्यवस्था. टूल कोड वाचतं, सेटिंग वाचत नाही. याला कुणी बोलावत नाही, असं समजून टूलने ते फंक्शन छाटलं. शिवाय निलेशने पूर्वीच एक शहाणपणा करून ठेवला होता. निवडणारं फंक्शन सापडलं नाही तर अडून बसायचं नाही, यादी आहे तशी पुढे पाठवायची. सगळं नीट चालतंय याची त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर खात्री केली होती. तिथे काहीच छाटलेलं नव्हतं.

चतुर्थीच्या सकाळी रघुवीरभाऊंनी बटण दाबलं. "आज आरतीचा मान आपला. सहकुटुंब यावे." मेसेज चाळीसही घरांना गेला.

संध्याकाळी विरारहून, बदलापूरहून, चाळ सोडून गेलेले सगळे पैठण्यांसह उतरले. मंडपात चाळीस निरांजनं पेटली. मंडपवाला पाण्याची बादली घेऊन उभा राहिला.

"आमचा मेसेज सकाळी नऊचा आहे!"

"आमचाही नऊचाच! तुझं घड्याळ पुढे आहे!"

पांढऱ्याशुभ्र कोटातले एक वृद्ध गृहस्थ मात्र कुणालाच ओळखू येईनात. "मी अच्युत, ठाकूरद्वारचा," ते नम्रपणे म्हणाले. "आपला संदेश आला. बाप्पाचं बोलावणं, नाकारणं बरं दिसेना." यादीतल्या कैलासवासी मनू तांब्यांचा जुना नंबर आता त्यांच्याकडे आला होता.

गुणाजींनी ताट छातीशी धरलं. "निलेश! मेल्या, आज मान कोणाचो?"

"तुमचाच, काका."

"मग ही जत्रा कोणी बोलावल्यान?"

"ते... एक फंक्शन छाटलं गेलं."

"माका वाटला, मीच छाटलो गेलंय!"

भटजी मुहूर्त टळतोय म्हणून ओरडू लागले. रघुवीरभाऊंनी माइक घेतला. "ताट गुणाजींच्या हातात राहील! बाकीच्यांनी त्यांच्या हाताला हात लावा!" गुणाजींचा हात म्हणजे तो केवढा. तो भरल्यावर लोकांनी कोपर धरलं, मग कोपर धरणाऱ्याचं कोपर, आणि मानकऱ्यांची साखळी मंडपाबाहेर वडापावच्या गाडीपर्यंत गेली. गाडीवाल्याने तळता तळता डावा हात लावून दिला. इतकी गर्दी पहिल्या आरतीला कुणी पाहिली नव्हती. एरवी मानकरी, भटजी आणि लाउडस्पीकरवाला एवढेच असत.

"पुढल्या वर्षी पण असंच छाट," रघुवीरभाऊ निलेशच्या कानात म्हणाले. "ते फंक्शन परत घातलंस तर तुला छाटीन."

गुणाजींनी ताट खाली ठेवलं. इतक्या हातांच्या ओझ्याने त्यांचा खांदा उतरला होता, पण चेहरा चढला होता. कणकवलीच्या भावकीने सगळी गर्दी त्यांच्याच मानाला आली असं धरलं होतं आणि त्यांनी ते खोडलं नव्हतं.

"झीला, हय ये," ते निलेशला म्हणाले. "पोरगी दिली तुका."

श्रेयाने डोळे मोठे केले. निलेश पाया पडायला वाकला.

"पण लग्नाचा आवताण मी घरोघर जाऊन देतलंय. तू मोबाइलाक हात लावायचो नाय."

"नाही लावत, काका."

"मला घरी येऊन देण्याची तसदी नको," शेजारून अच्युतराव मोदक फोडत म्हणाले. "माझा नंबर आहेच आपल्याकडे."