चोवीस ठिकाणची माती

धर्मपाल तालुक्याला, भातकुलीला जाऊन परत आला तेव्हा तो ज्यांच्या घरी उतरला होता त्या खुशालरावांचा ओटा इतका सुरेख सारवलेला होता, की त्यावर पाय ठेवायला त्याचं मन होईना. तो पायरीशीच थांबला. सकाळी याच ओट्यावर चोवीस वर्तमानपत्रं पसरली होती, प्रत्येकावर अर्धा किलो माती वाळत होती आणि प्रत्येक ढिगाजवळ नंबर घातलेली कापडी पिशवी होती. आता वर्तमानपत्रांची नीट घडी खिडकीत होती. चोवीसही पिशव्या धुऊन दोरीवर वाळत होत्या. माती मात्र कुठंच दिसत नव्हती.

"काकू, माती कुठं हाये?"

खुशालरावांच्या पत्नी आशाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मस्त झाला ना ओटा? माहा भाऊ येऊन राहिला संध्याकाळी, शेंदूरजन्याहून. म्हटलं, त्याले मातीचे ढिगारे काहून दाखवा? शेण तं घरचंच होतं. अन् तुमी ढेकळं फोडून, खडे येचून ठेवली होती. अशी मऊ माती सारवाले भेटत नाई, बापा!"

"सगळी वापरली?"

"सगळी कशी लागीन? उरली ते तुळशीत टाकली." धर्मपालचा चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली आला. "काहून? कामाची होती का?"

धर्मपाल पिशव्यांकडे वळला. दोरीवरच्या एका पिशवीवर सतरा आकडा होता, तिथं आता निळसर डाग उरला होता.

धर्मपाल अकोल्याचा. शेतजमिनींचे नकाशे करणाऱ्या एका प्रकल्पात त्याला लागून आठ महिने झाले होते आणि पिंपळखारी हे त्याच्यावर एकट्यावर सोपवलेलं पहिलं गाव होतं. काम सांगायला सोपं होतं. उपग्रहाच्या चित्रावरून जमिनीचा उतार घ्यायचा, विहिरींचं पाणी तपासायचं, गावातल्या ठरलेल्या चोवीस ठिकाणची माती प्रयोगशाळेत पाठवायची. मग हे सगळे थर एकावर एक ठेवले, की कॉम्प्युटर गावाचा नकाशा रंगवतो. चांगली जमीन हिरवी, मध्यम पिवळी, नको ती लाल. कुठल्या वावरात काय लावलं तर जमीन वर्षानुवर्षं टिकेल, हे त्यावरून ठरायचं होतं. पिंपळखारी खारपाण पट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, काळी माती पाणी धरून बसणारी. इथं नकाशा चुकला असता तर लोकांनी भलतंच लावलं असतं आणि दोन-तीन वर्षं राबून हातात काटक्या आल्या असत्या.

माती शुक्रवारी दुपारपर्यंत अकोल्याच्या प्रयोगशाळेत पोचायला हवी होती. आज बुधवार होता.

धर्मपाल खुर्चीत बसला. वीस मिनिटं त्यानं फोनकडे नुसतं पाहिलं आणि मग अमरावतीला रागिणी मॅडमना फोन लावला. रागिणी मॅडम प्रकल्पाच्या प्रमुख. त्या कधी रागवत नसत, फक्त पुढचा प्रश्न विचारत. लोक त्यालाच जास्त घाबरत.

"काय म्हणतेय माती?" मॅडमनी विचारलं.

"वाळतेय, मॅडम," धर्मपाल ओट्याकडे पाहत म्हणाला. तेवढं खरं होतं.

"छान. एक फोटो पाठव ना."

नशिबानं सकाळी त्यानं एक फोटो काढून ठेवला होता. तो पाठवला आणि सुस्कारा सोडतोय तोच फोन वाजला.

"धर्मपाल, ही चोवीस ठिकाणची माती आहे ना?"

"हो, मॅडम."

"मग सगळ्यांचा रंग एकच कसा? नाल्याकाठची, टेकाडाखालची, सगळी सारखीच काळीभोर? जरा बघ बरं."

धर्मपालनं फोटो मोठा करून पाहिला. खरंच, चोवीस ढीग म्हणजे एकाच आईची चोवीस लेकरं होती. आणि यातल्या एकाही ठिकाणची माती त्यानं स्वतः काढली नव्हती. 

सोमवारी पहिल्याच वावरात त्याचा पाय जमिनीच्या भेगेत गेला होता. वैशाखात इथल्या जमिनीला भेगा पडतात त्या साध्यासुध्या नसतात. एकीत त्याचा पाय पोटरीपर्यंत गेला आणि घोटा मुरगळला. तेव्हा खुशालरावांनीच त्याला मोटारसायकलवरून घरी आणलं, आशाबाईंनी हळद-तेलाचा लेप लावला आणि खुशालराव म्हणाले, "तुमी बसा साहेब. नंबराचा कागद मले द्या. माहं गाव हाये, मी आणतो." दीड तासात त्यांनी चोवीस पिशव्या भरून आणल्या. धर्मपालला त्या वेळी इतकं भरून आलं होतं, की दीड तासात चोवीस वावरं हिंडून होत नाहीत हा हिशेब त्याला सुचलाच नाही.

खुशालराव गोठ्यात होते. धर्मपाल लंगडत तिकडे गेला.

"काका, खरं सांगा. माती कुठून आणली?"

"वावरातून."

"कोणाच्या?"

खुशालरावांनी वैरणीची पेंढी नीट ठेवली, मग दुसरी नीट ठेवली. "माह्याच. रोडकाठच्या."

"चोवीसच्या चोवीस?"

"साहेब, आता तुमीच सांगा. बाजारात सॅम्पल दाखवतेत तं कोनतं दाखवतेत? सगळ्यात चांगलं! पोत्यातली खराब तूर कोनी हातावर घेऊन दाखवते का? माह्या रोडकाठच्या वावरासारखी माती पंचक्रोशीत नाई. म्हटलं, गावाची इज्जत राह्यली पाह्यजे." मग जरा थांबून त्यांनी खरं कारणही सांगितलं. "माती चांगली निंगाली तं संत्र्याची कलमं भेटतीन असं आयकलं होतं. माह्या साळ्याचा शेंदूरजन्याले बगीचा हाये ना. दर बारीले आला का संत्र्याच्याच गोठी सांगते."

धर्मपाल गव्हाणीच्या कडेवर बसला. खारं पाणी, निचरा न होणारी जमीन आणि गावभर संत्र्याची कलमं, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ही माती अकोल्याला गेली असती तर सगळं गाव कागदावर हिरवंगार झालं असतं आणि खाली त्याची सही असती.

तो उठला, ओट्याशी गेला आणि आशाबाईंना वाकून नमस्कार केला.

"अरे बापा, हे काय?" आशाबाई दोन पावलं मागं सरल्या.

"काकू, तुमी ओटा सारवला म्हून मी वाचलो." त्यानं सगळी हकिकत सांगितली. आशाबाई ऐकत राहिल्या आणि मधूनमधून गोठ्याकडे अशा पाहत राहिल्या, की खुशालराव त्या संध्याकाळी दिवेलागणीला मेहुणा दारात येईपर्यंत गोठ्यातून बाहेर आले नाहीत.

"किती जागा म्हनल्या? चोवीस ना? कागद वाचा बरं," आशाबाई म्हणाल्या.

धर्मपाल नकाशावरून वाचू लागला. "अकरा नंबर. नाल्याच्या वळणापासून शंभर-सव्वाशे पावलं, पूर्वेकडे."

"थे तं हाजराबीच्या वावरातली बोरीखालची जागा. पुढं?"

"चौदा."

"ते चतुराबाईच्या दिराचं. तिथं उन्हाळ्यात भुई पांढरी पडते, मीठ सांडल्यावानी. पुढं?"

चोवीसपैकी बावीस जागा त्यांनी बसल्या बसल्या सांगितल्या. धर्मपाल बघतच राहिला. "काकू, तुमाले हे सगळं कसं माहीत?"

"वावरं मानसायच्या नावावर हायेत, भाऊ. पन निंदण आमी करतो ना. कुठं खुरपं जाते अन् कुठं अडते, हे बसून निंदणाऱ्यालेच समजते."

गुरुवारी उजाडता उजाडता ओट्यापुढे पाच बाया उभ्या होत्या. आशाबाईंच्या बचत गटातल्या. चतुराबाई सगळ्यांत थोरली आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची. हाजराबीनं येतानाच थर्मासमधून चहा आणला होता. पिशव्यांवर पुन्हा नंबर घालायला धर्मपालनं पेन काढलं, तर आशाबाई म्हणाल्या, "राहू द्या, घामानं पुसते ते." त्यांनी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या काढल्या आणि प्रत्येक पिशवीला वेगळी चिंधी बांधली. जांभळी म्हणजे नाल्याकाठ, लाल काठाची म्हणजे टेकाडाखाल, असं सगळ्यांना तोंडपाठही झालं. धर्मपालनं आपली एक यादी गुपचूप केली. सगळे आधी गेले त्या बोरीखालच्या जागी त्यानं फोनवर ठिकाण तपासून पाहिलं, तर आशाबाई नकाशापासून आठ पावलं चुकल्या होत्या.

"आठ पावलं चुकली, काकू."

"तुमचा फोन चुकला असंल," आशाबाई म्हणाल्या आणि खड्डा करू लागल्या. बोरीकडे बघितल्यावर धर्मपालला वाटलं, फोनच चुकला असावा.

दहाच्या सुमाराला खुशालराव मोटारसायकलवरून आले. रात्रभराच्या विचारानंतर त्यांना नवी काळजी लागली होती. चौदा नंबरवर चतुराबाई पांढरट माती पिशवीत भरत होत्या.

"अवं, तिथली नका घेऊ! तिथं पांढरं दिसून राहिलं. दोन हात सरकून घ्या, तिकडं बरी हाये."

आशाबाईंनी मानही वर केली नाही. "डॉक्टरकडं गेल्यावर दुखते तो हात दाखवता का चांगला हात दाखवता?"

बाया हसल्या.  खुशालराव मोटारसायकल सावलीत लावून पिशव्या उचलायला लागले. दुपारपर्यंत त्या त्यांनीच वाहिल्या.

माती झाली, पण एक काम राहिलंच होतं. गावकऱ्यांच्या मते शेतीला काय किती महत्त्वाचं, हे दोन-दोन गोष्टी तोलून लिहून घ्यायचं होतं. पाणी मोठं की माती, एक ते नऊमध्ये किती पटीनं? खुशालरावांची उत्तरं धर्मपालनं आधीच भरली होती. त्यांच्या मते पाणी मातीपेक्षा नऊ पट मोठं, माती रस्त्यापेक्षा नऊ पट मोठी आणि रस्ता पाण्यापेक्षा नऊ पट मोठा. कॉम्प्युटरनं ती उत्तरं तीनदा परत केली.

"तुमची उत्तरं एकमेकाले जुळत नाईत, काका."

"मले खोटा म्हून राहिला का थो?"

"खोटा नाई. फक्त गोंधळला आहे."

"मंग त्याले म्हना, एक बारी वावरात येऊन पाह्य."

धर्मपालनं हाच कागद आशाबाईंपुढे धरला. "पाणी अन् माती, दोनात मोठं कोण?"

"कोनतं पानी?" आशाबाईंनी विचारलं.

"कोणतं म्हणजे?"

"गोडं का खारं? गोडं असंल तं पानी मोठं. खारं असंल तं न दिलेलंच बरं, मंग माती मोठी. तुमच्या कागदात दोन्ही पानी एकच धरले का?"

हाजराबी म्हणाली, "बेटा, हमारे घर की विहीर का पानी तो गाय भी नहीं पीती. मिरचीले देल्लं होतं, सगळी जळून गेली."

धर्मपालनं कागद उलटसुलट करून पाहिला. दोन्ही पाणी खरंच एकच धरलं होतं. त्यानं तिथूनच मॅडमना फोन करून एक रकाना वाढवायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हे आपल्याला कसं सुचलं नाही?" पाचही बायांची उत्तरं कॉम्प्युटरनं पहिल्या फटक्यात घेतली. शुक्रवारी साडेअकराला चोवीस रंगांच्या चिंध्या बांधलेल्या पिशव्या अकोल्याच्या प्रयोगशाळेत पोचल्या.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. रागिणी मॅडम स्वतः आल्या होत्या. नाल्याकाठची हाजराबीची वावरं हिरवी निघाली. चौदा नंबरच्या आसपास लाल होतं. तिथं काही पेरण्याआधी पाण्याला वाट काढून द्यायची आणि हिरवळीचं खत गाडायचं ठरलं. आणि खुशालरावांचं रोडकाठचं वावर पिवळं निघालं. माती चांगली, पण खाली पाणी साचतं. संत्र्याचं नावही नव्हतं.

खुशालराव नकाशाच्या अगदी जवळ गेले. बोटानं तो पिवळा तुकडा घासून पाहिला. तो निघाला नाही.

मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या कामाचं श्रेय धर्मपालच्या काटेकोरपणाला." टाळ्या वाजल्या. सभा संपल्यावर तो त्यांना बाजूला घेऊन गेला. "मॅडम, एक सांगायचं आहे. पहिली माती मी आणलीच नव्हती. आणि तुम्ही विचारलं तेव्हा ती वाळतही नव्हती. म्हणजे वाळत होती, पण..."

"ओट्यावर," मॅडम म्हणाल्या.

धर्मपालनं चमकून वर पाहिलं.

"तुझा फोन येण्याआधी दहा मिनिटं आशाबाईंचा आला होता. आपल्या फॉर्मवर माझा नंबर आहे ना. म्हणाल्या, चूक माझी आहे, पोराला बोलू नका, मी त्याला माती आणून देते. मला फक्त बघायचं होतं, तू काय सांगतोस." त्या हसल्या. "वाळतेय, म्हणालास. खोटं बोलला नाहीस, एवढं मात्र खरं."

धर्मपालला लाज वाटत होती. पण त्याहून जास्त आशाबाईंबद्दल काहीतरी दाटून येत होतं. आपण वीस मिनिटं खुर्चीत बसून धैर्य गोळा करत होतो, तेवढ्यात या बाईनं आत जाऊन आपल्यासाठी शब्द टाकला होता आणि पुढं पंधरा दिवस एका शब्दानं बोलून दाखवलं नव्हतं. तो पंचायतीतून सरळ त्यांच्या घरी गेला. आभार कसे मानायचे याची वाक्यं त्यानं वाटेत दोनदा जुळवली, पण आशाबाईंनी ती बोलू दिली नाहीत. "जेवून जा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्यांचा फोन आला. आवाज अगदी हळू होता, शेजारच्या खोलीत कुणी असावं तसा.

"भाऊ, एक सांगाचं होतं. आज यायनं मले इचारलं, पिवळ्या वावरात औंदा काय पेराव म्हून. लगनाले अठ्ठावीस वर्सं झाली. पहिल्यांदा इचारलं."

"अरे वा! मग काय सांगितलं तुमी?"

"काई नाई. म्हटलं, दोन रोज इचार करू द्या."

"काहून? ज्वारीत तूर चांगली येईल तिथं. मी सांगू का?"

"ते मले मालूम हाये, भाऊ. दहा वर्सापासून मालूम हाये," आशाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातलं हसू लपत नव्हतं. "पन आता इचारून राहिले तं दोन रोज इचारू द्या ना."