सांधा कुठी हाये?

आमचे शेजारी सोनबाभाऊ. लाकडाची कुठलीही वस्तू दिसली की तिच्यावर बोटांची पेरं वाजवत आणि विचारत, "सांधा कुठी हाये?" आमच्या ओसरीवरच्या खुर्चीला त्यांनी हेच विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत तिला गदागदा हलवलं. पाय निखळला. "मनलं नोतं?" असं म्हणून ते समाधानानं घरी गेले.

जातीचे ढिवर, नदीवर जगणारे. उभं आयुष्य वैनगंगेच्या काठी डोंगे कोरण्यात गेलेलं. मोहाचं एक अख्खं खोड घ्यायचं, आतून जाळत आणि तासत पोखरायचं. खिळा नाही, फळी नाही. "झाड फुटत नाई, तं डोंगा काऊन फुटन?" एवढंच त्यांचं शास्त्र.

एकुलत्या एका लेकानं, मारोतीनं, नवी फळ्यांची नाव पाण्यात घातली आणि बापलेकाचं बोलणं बंद झालं. नाव चांगली रुंद होती. सायकलसुद्धा चढे. मी पलीकडच्या गावच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे रोजचा उतारू.

आणि रोज काठावर सोनबाभाऊ हजर. नाव सुटण्याआधी ज्याला त्याला भविष्य सांगायचे: खिळा गंजन, फळी फुगन, सांध्यातला कापूस निंगन. सासरी निघालेल्या एका नवरीला तर दागिने घरीच ठेवून जा म्हणाले. ती रडायला लागली. मी हात जोडून पाहिले, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. वर नाव पलीकडे लागेपर्यंत हा गृहस्थ आपल्या डोंग्यात बसून टक लावून पाहणार. ती कधी बुडते याचीच म्हातारा वाट पाहतो, असं गाव म्हणे. मीही म्हणत असे.

एकदा भादव्यात नाव मधल्या खडकाला घासली आणि एक सांधा उकलला. आत पाणी येऊ लागलं. मारोतीच्या हातातून बांबू सुटला. तो नावेची कड धरून मटकन खाली बसला. आम्ही डब्यांनी, टोप्यांनी पाणी उपसतोय तोवर डोंगा येऊन भिडलासुद्धा. सोनबाभाऊंनी आमच्याकडे ढुंकूनही न पाहता मारोतीला दंडाला धरून डोंग्यात ओढलं. मग कुठे आमच्या नावेला दोर बांधून तिला काठाला आणलं.

माझं डोकंच फिरलं. नावेत बायका होत्या, आणि या माणसानं आधी काढलं कोणाला, तर नावाड्याला! काठावर पाय टेकताच मी त्यांना तसं तोंडावर विचारलं.

ते धोतर पिळत राहिले.

"त्याले पोहता येत नाई, गुरुजी."

ढिवराच्या पोराला पोहता येत नाही? मला खरंच वाटेना.

"मीच शिकवलं नाई. माहा डोंगा कवा बुडतच नाई, मंग पोहाचं काम का हाये, मनलं."

नाव दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झाली. सोनबाभाऊही काठावर पुन्हा सुरू झाले: खिळा गंजन, फळी फुगन. चीड मला अजूनही यायची. पण नावेत बसताना, काठावरून त्यांना मारोती नीट दिसावा म्हणून, मी जरा बाजूला सरकून बसू लागलो.