सहा पिल्लं आणि माझी चार दिवसांची रजा

बायकोनं "तुम्हाला नाही जमायचं" असं म्हटलं नसतं, तर मी रजा टाकलीच नसती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे घडलं त्याची जबाबदारी कुणाची याबद्दल शंका राहायला नको.

आमच्या कुत्रीला सहा पिल्लं झाली. तिला सगळे राणीसाहेब म्हणतात, कारण ती कुणाचंही ऐकत नाही. (सगळ्यांचं ऐकणारा घरात मी एकटाच. मला काय म्हणतात ते इथे सांगत नाही.) पिल्लं महिन्याची झाली, त्यांना सुईसारखे दात फुटले, आणि दूध पिता पिता त्यांनी आईची आचळं ओरबाडून लाल केली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, एका बाजूला सूज येतेय, आता पिल्लांना खाण्यावर आणा. पिल्लांसाठीचे दाणे कोमट पाण्यात भिजवायचे, कालवून पातळ लगदा करायचा, उथळ ताटलीत द्यायचा, आईला तेवढा वेळ लांब ठेवायचं. हळूहळू दोन-तीन आठवड्यांत दूध आपोआप सुटतं.

मी आवक-जावक विभागात बावीस वर्षं काढली आहेत. 'हळूहळू' या शब्दाखाली काय काय गाडलं जातं ते मला विचारा. चार दिवसांत करून दाखवतो, असं मी जाहीर केलं. बायको नर्स आहे. ड्युटीवर निघताना पायात चपला सरकवत तिनं ते वाक्य उच्चारलं, आणि मी त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. कारण : घरगुती अडचण. (साहेबांनी विचारलं, कसली? मी म्हणालो, सहा आहेत. साहेबांनी पुढे काही न विचारता सही केली.)

पहिल्या दिवशी राणीसाहेबांना झोपायच्या खोलीत घालून दार लोटलं आणि लगदा कालवला. ताटली उथळ हवी हे मला आठवत होतं. पण ताटल्या वरच्या फळीवर होत्या आणि परात समोर होती. मी परात भरून पिल्लांपुढे ठेवली. पिल्लांना मी वजनाप्रमाणे क्रमांक दिले होते, एक ते सहा. एक नंबर परातीत उतरून बसलं. दोन नंबर त्याच्यावर बसलं. चार नंबरनं परातीत कुणीही करू नये ते केलं. खाल्लं कुणीच नाही. तेवढ्यात राणीसाहेब दाराच्या मुठीवर पंजा टाकून बाहेर आल्या. त्यांनी परात चाटूनपुसून लख्ख केली (चार नंबरच्या कामगिरीसकट), मग माखलेली सहाही पिल्लं एकेक करून चाटली आणि आडव्या झाल्या. पिल्लं पुन्हा दुधाला लागली.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, कसं झालं. मी सांगितलं, सगळं संपलं. यात खोटं काय होतं?

दुसऱ्या दिवशी मी दाराला खुर्ची लावली. आतून राणीसाहेबांनी जो सूर लावला तो चारही मजल्यांना ऐकू गेला असावा. मी बधलो नाही. पाच पिल्लांनी माझ्या बोटावरून थोडंथोडं चाटलं. सहा नंबरनं तोंड फिरवलं. माझ्या बुटाएवढं ते पिल्लू. दुपारपर्यंत त्याचं पोट आत गेलं आणि ते कोपऱ्यात जाऊन नुसतं बघत बसलं. मी घाबरलो असं म्हणणार नाही. मी फक्त उठलो, खुर्ची बाजूला केली आणि दार उघडलं. एकदा दूध पिऊ दे, बायकोला कळायचं कारण नाही, एवढाच विचार होता.

राणीसाहेब बाहेर आल्या. सहा नंबर लडखडत त्यांच्याकडे धावलं. आणि त्या गुरगुरल्या. मग सोफ्यावर चढून आम्हा सगळ्यांकडे पाठ करून बसल्या. महिनाभर एका शब्दानं तक्रार न केलेल्या बाईनं आज रजा टाकली होती, तीही अर्ज न देता.

म्हणजे आता सहा नंबरला मीच उरलो. पिल्लं मोठ्यांचं बघून शिकतात, असं कुठंतरी ऐकलं होतं. मी एकदाची वरच्या फळीवरून ताटली काढली, तीत लगदा घेतला, फरशीवर ठेवली, चार पायांवर आलो आणि चाटायला लागलो. (चवीबद्दल बोलत नाही. ऑफिसच्या कॅन्टीनला उगाच वाईट वाटेल.)

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आवाजाची तक्रार करायला वर आल्या होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"काय चाललंय?"

"शिकवतोय," मी खालूनच म्हणालो. उठून उभं राहणं म्हणजे चूक कबूल करणं, म्हणून उठलो नाही.

बाईंनी छत्तीस वर्षं शाळा चालवली होती. त्या म्हणाल्या, "मग मध्येच असं तोंड वर करू नका. वर्गाचं लक्ष उडतं."

मी पुन्हा तोंड घातलं. थोड्या वेळानं हनुवटीला काहीतरी ओलं, गरम लागलं. सहा नंबर माझी हनुवटी चाटत होतं. बाई खुर्ची ओढून बसल्या आणि सूचना देऊ लागल्या : हनुवटी बुडवा, आता थोडी खाली, अजून खाली. माझी हनुवटी ताटलीत टेकली तेव्हा सहा नंबर स्वतःच्या जिभेनं ताटलीतलं खात होतं. त्याचं पोट टम्म झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लगदा नाकात गेल्यामुळे.

पुढचे दोन दिवस सहाही पिल्लं व्यवस्थित जेवली. अट एकच : मी ताटलीला गाल लावून आडवं पडलं पाहिजे. मी पडलो. बायको ड्युटीवरून आली, बघितलं, आणि माझ्या डोक्याखाली एक जुनं फडकं सरकवलं. चौथ्या संध्याकाळी तिनं राणीसाहेबांना तपासलं. सूज उतरली होती.

"जमलं की नाही?" मी विचारलं.

"जमलं," ती म्हणाली. "उद्या ऑफिसला जा."

मी रजा वाढवतो म्हणालो, कारण मी नसलो तर पिल्लं उपाशी राहतील हे उघड होतं. सकाळी तिनं डबाच हातात दिला. तो दिवस कसा गेला ते माझं मला ठाऊक. आवक पत्रं मी जावकमध्ये चढवली, सहा नंबर कोपऱ्यात बसलंय असं सारखं दिसत होतं. सुटल्यावर धावतच घरी आलो. बायको भाजी चिरत होती. फरशीवर ताटली, तिच्यात सहा डोकी, वर सहा शेपट्या, आणि चपचप आवाज.

मी बॅग टाकली आणि ऑफिसच्या कपड्यांतच ताटलीशेजारी आडवा झालो. कुणी मान वर केली नाही. सहा नंबर माझ्या कानावर पाय देऊन पलीकडे गेलं. तरी मी हललो नाही. प्रश्न तत्त्वाचा होता.

एवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. बायको मला ओलांडून गेली आणि तिनं फोन उचलला.

"हो डॉक्टर, सूज उतरली. सहाही आपापलं खातात. सातवं तेवढं ताटलीपाशी आडवं पडलंय. खातही नाही आणि उठतही नाही."