डावा बॉल जॉइंट मंजूर

रस्ते दुरुस्ती खात्याच्या उपअभियंत्यांना रस्त्यांच्या पाहणीसाठी एक एसयूव्ही दिलेली होती. गाडी जुनी होती. पण खात्यात नव्यापेक्षा जुन्याला मान जास्त. एके दिवशी पुढच्या चाकांकडून खडखड ऐकू येऊ लागली. साहेबांनी नेहमीच्या सफाईने कानाडोळा केला. पुढे वळणावर स्टिअरिंग चालकाच्या हातात थडथडू लागलं, तेव्हा साहेबांना स्वतःच्या जिवाची आठवण झाली.

गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर चढवली आणि चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. ते आधी त्याच्या मनाप्रमाणे हललं आणि मग स्वतःच्या.

"दोन्हीकडचे खालचे बॉल जॉइंट गेलेत," तो म्हणाला. "चाक त्याच्यावरच तोललेलं असतं. रबरी बुशांचा चुरा झालाय, शॉकअपमधून तेल गळतंय. जोडीनं बदला."

"नाही बदलले तर?" साहेबांनी विचारलं.

"तर एक दिवस गाडी थांबेल आणि चाक पुढं जाईल."

साहेबांनी तातडीने सुट्या भागांची मागणी केली. खात्याचा भांडारपाल नियमाने श्वास घेणारा गृहस्थ होता.

"मोडलेलाच भाग बदलता येतो," तो म्हणाला. "डावी बाजू सुटायलाच आलीय, मान्य. उजवी अजून गाडीला आहे."

"अहो, तीही खिळखिळी झालीय."

"खिळखिळं म्हणजे मोडलेलं नव्हे, साहेब. तसं धरलं तर आख्खं खातंच बदलावं लागेल."

डावी बाजू मंजूर झाली. "एक चप्पल नवी, एक जुनी घालून कोणी लग्नाला जातं का?" असं गॅरेजवाल्याने विचारून पाहिलं, पण त्याला सरकारी कामाचा अनुभव नव्हता.

साहेब गाडीत डावीकडे बसत. तिथे आता गादीवर बसल्यासारखं वाटे. त्यामुळे त्यांच्या अहवालांत रस्त्यांची डावी बाजू एकाएकी सुधारली, आणि उजवीही तशीच धरली गेली. उजवीकडे चालक कढईतल्या लाहीसारखा उडत होता. त्याने घरून उशी आणली, मानेला पट्टा बांधला. एकदा सांगून टाकावं असं त्याला रोज वाटे. पण बढती तोंडावर आली होती. साहेबांनी विचारलं की तो म्हणे, "मस्त चाललीय, साहेब."

उजवी बाजू मात्र इतकी मनमिळाऊ नव्हती. गाडी एकीकडे ओढू लागली, तसे साहेब पुन्हा भांडारपालाकडे गेले.

"झिजण्याचं कारण?" भांडारपालाने विचारलं.

"खड्डे."

"कुठले खड्डे? आपल्या हद्दीत खड्डेच नाहीत. तुम्हीच सही करून कळवलंय."

सही साहेबांचीच होती. हद्दीतले सगळे रस्ते त्यांच्या ठेकेदार मेहुण्याने केले होते. साहेब 'खड्डे' म्हणाल्याची बातमी त्यांच्या आधीच घरी पोचली होती.

"दाजी, एका बॉल जॉइंटसाठी माझ्या पोटावर पाय देताय?" मेहुण्याने विचारलं. त्याच्या बहिणीने साहेबांना जेवायला वाढलं, पण ती बोलली नाही. दुसरी पोळी मागायचीही साहेबांची छाती झाली नाही.

सकाळी त्यांनी मागणी मागे घेतली. उजवा जॉइंट ठणठणीत असल्याचं लेखी कळवलं, आणि त्याच गाडीतून, मेहुण्याला मागे बसवून, त्याने केलेला नवा रस्ता पसंत करायला निघाले. बाजारचौकात उजवं चाक आडवं झालं. गाडीने नाक जमिनीवर टेकलं आणि फरफटत जाऊन ती मधोमध बसली. साहेबांना खरचटलंही नाही. मेहुण्याच्या कपाळाला टेंगूळ आलं. चालकाच्या खांद्याचं हाड मोडलं.

साहेब त्याच्याकडे वळले. त्यांनी चालकाचा हात धरला. "फार दुखतंय का रे?"

"मस्त आहे, साहेब," चालक कण्हत म्हणाला. जिभेला तेच वळण लागलं होतं.

चौकशी झाली. रस्ता उत्तम होता, जॉइंट ठणठणीत होता. उरला चालक. बेदरकार गाडी चालवल्याची नोटीस त्याला रुग्णालयातच मिळाली. ती फोडायला शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाने हातभार लावला. गाडीचं काय करायचं, हा प्रश्न भांडारपालाने सोडवला. जी गाडी नियमानुसार मोडलेलीच नाही, ती उचलून न्यायला क्रेन कशी मागवणार? ती चौकात उभी केलेली आहे, असं ठरलं.

ती अजून तिथेच आहे. कोणीतरी तिच्या टपावर झाडाची फांदी खोचून ठेवली आहे, सूचना म्हणून. तुम्ही रोज तिला वळसा घालून जाता. परवा पुढचा स्कूटरवाला वळसा घालायला वेळ लावत होता, तेव्हा तुम्ही हॉर्न वाजवलात. त्याला, खात्याला नव्हे. खात्याकडे आजवर एकही तक्रार आलेली नाही. नागरिक समाधानी आहेत, असं साहेबांनी वर कळवलं आहे, आणि या एका बाबतीत त्यांना खोटं कसं म्हणायचं?