बिनशेंगदाण्याचं दुकान

अड्याळला आमच्या घराला लागूनच शामराव काकाजींचं किराणा दुकान आहे. या दुकानात शेंगदाणे मिळत नाहीत. तीळ मिळत नाहीत. दूध पावडर, बिस्किटं, टोस्ट, काही नाही. एकादशीला साबुदाणा तेवढा मिळतो, पण खिचडीच्या दाण्यांसाठी समोरच्या दुकानात जावं लागतं. आणि दाणे घेऊन परत येताना काकाजींच्या ओट्यावर पाय ठेवायची सोय नाही. "पिशवीत काय हाय जी?" असं विचारतात आणि दाणे म्हटलं की कोपऱ्यातली बादली दाखवतात. "पिशवी भाईर ठेवा, हात धुवा, मंग बोला."

साबण फुकट. त्या दुकानात फुकट मिळणारी ती एकच वस्तू आहे.

पूर्वी हा माणूस असा नव्हता. आसपासच्या गावात कुठेही पंगत असली की काकाजी असायचेच. वड्यांची परात त्यांच्यापाशी आली की वाढणारा ती तिथेच टेकवायचा, उगाच फेऱ्या कोण मारणार. वांगे-आलूचा रस्सा बोटाने चाखून ते डोळे मिटायचे आणि हाक मारायचे, "सदू, यात काय टाकलं?" सदू आचारी कढई सोडून धावत यायचा. काकाजींनी मीठ कमी म्हटलं की पुढचं लग्न सदूच्या हातून गेलंच समजा.

मग त्यांची नात मनू घास घास खायला लागली, आणि एका दुपारी तिच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. एकेक तपासणी होत गेली तसं निघालं, शेंगदाणा नाही, तीळ नाही, दूध नाही, अंडं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडंसंसुद्धा नको. आपण असं ऐकतो आणि घरी येऊन थोडंसं खातो. काकाजींनी मात्र डॉक्टरांचा शब्द जसाच्या तसा धरला. दर तपासणीला दुकानातला एक डबा खाली उतरला.

घरातही तेच. तेल जवसाचं आलं, चहा कोरा झाला, वरणावरचं तूप गेलं, म्हैस विकली. आमचे चुलते त्यांना समजवायला गेले, की पोरीपुरतं वेगळं रांधा, बाकीच्यांनी काय पाप केलं? काकाजी म्हणाले, "एका घरात दोन चुली कायले? पोट्टी का पाहुनी हाय?" बरं तर बरं, मनू भाताच्या मुलखात जन्मली. तिला भात चालला नसता तर काकाजींनी जिल्हा बदलला असता.

संक्रांतीला ते दारातच उभे राहतात. तिळगूळ घेऊन आलेल्या बायकांना बाहेरच्या बाहेर मुरमुऱ्याचा लाडू देतात. "गोड बोलाले गूळ पुरे हाय. तीळ कायले?" त्यांच्या या बोलण्यात गोड काही नसतं, हा भाग वेगळा. एकदा देवळातल्या काल्याचं दही आमच्या आळीतल्या यमुनाबाई मनूच्या तोंडाशी नेत होत्या. देवाच्या परसादानं कोनाले काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं. काकाजींनी त्यांचा हात वरच्यावर धरला. "देवाले मी समजावतो. तुमी हात धुवा."

यमुनाबाई तेव्हापासून बोलत नाहीत. खरं तर फारसं कोणीच बोलत नाही. काकाजींच्या ओट्यावर संध्याकाळी गप्पांचा अड्डा असायचा, तो समोरच्या दुकानात गेला. तिथे खारे दाणे मिळतात. मी स्वतः तिथे बसून काकाजींच्या बादलीवर विनोद केले आहेत, आणि ते चांगले झाले होते.

या उन्हाळ्यात माझ्या मुलीच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, बोलावणं द्यायला गेलो. काकाजी म्हणाले, "पोट ठीक नाही मास्तर." हे ते गेली काही वर्षं प्रत्येकाला सांगत होते आणि गाव त्याला माज म्हणत होतं. मी जरा चिडूनच म्हणालो, "शेजारी राहून येत नाही म्हणता?"

ते वजनकाटा पुसत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी पंगतीत बसीन, अन् मनू कोठी बसन? काल विचारून राह्यली होती, आबाजी, पंगत म्हन्जे काय असते?"

घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या चार वस्तू आपण आणायच्याच नाही." पाहुणे जन्मभर नावं ठेवतील, असं मी म्हणालो. ठेवू देत, म्हणाली.

साक्षगंधाच्या दिवशी काकाजी पहाटेच खुर्ची घेऊन चुलीपाशी बसले. सदू एक डबा उघडायचा, हे विचारायचे, "यात काय टाकलं?" कूट नाही, तीळ नाही, रस्सा गाढा कसा करू, म्हणून सदू आधीच तापलेला. शेवटी म्हणाला, "खोबरं टाकलं, मिरची टाकली. आता मलेच टाकून घ्या."

पंगत बसली. मनू पोरांच्या रांगेत बसली, शेजारी मांडी घालून काकाजी. मनूने बुंदी वाढणाऱ्याला थांबवून आजोबांच्याच आवाजात विचारलं, "यात काय टाकलं?" सगळी पंगत हसली. यमुनाबाईसुद्धा हसल्या.

काकाजी हसले नाहीत. त्यांचं ताट भरलेलं होतं आणि ते मनूच्या ओठांकडे बघत होते. एक हात बंडीच्या खिशात, मनूच्या औषधावर. माझ्या बायकोने दोनदा वडे आणले, दोन्हीदा त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

मनूने वडा खाल्ला, रस्सा-भात खाल्ला, बुंदी दोनदा मागितली आणि पोरांबरोबर हात धुवायला पळाली. तिच्या हसण्याचा आवाज नळापासून येत राहिला. काकाजी बराच वेळ तिकडे कान देऊन बसले. मग खिशातला हात बाहेर काढला, गार झालेला रस्सा बोटाने चाखला आणि डोळे मिटले.

"सदू," त्यांनी हाक मारली. सदू झारा घेऊनच आला.

"मीठ कमी हाय."

माझ्या लेकीच्या साक्षगंधाला, भर पंगतीत, व्याह्यांच्या देखत माझ्या जेवणाला नाव ठेवलं गेलं. मी तोंड फिरवून डोळे पुसले आणि सदूला म्हणालो, "मीठ आण. आणि वड्यांची परात इथेच टेकव."