मोहोड मॅडमची कच्ची पंगत

मोहोड मॅडमच्या घरात 'छान' म्हणायला बंदी आहे.

चहाचा कप पुढ्यात ठेवून त्या समोर बसतात आणि तुमच्या तोंडाकडे पाहत राहतात. पहिल्या घोटानंतर तुम्ही सवयीनं 'छान झालाय' म्हणालात की संपलं. "छान हे काय उत्तर झालं? छान तं लोकं भिंतीच्या रंगालेही म्हणतात. साखर कमी हाय का जास्त? अद्रक लागून राहिलं का नाई? चूक सांग ना, बावा." चूक सांगितली की चेहरा उजळतो. लगेच उठून त्या चहा पुन्हा गॅसवर चढवतात. त्यांच्याकडचा पहिला कप कायम अर्धा उकळलेला का असतो, हे मला उशिरा कळलं. तो चहाचा मसुदा असतो.

अमरावतीत मी त्यांच्या खालच्या खोल्यांत भाड्यानं राहतो. माझं काम पत्रकं लिहिण्याचं. रस्ता, पाणी, शिष्यवृत्ती, बसफेऱ्या, ज्या गोष्टीची चीड येईल तिच्यावर मी पत्रक काढतो, आणि चीड मला रोज येते. राहायला आलो तेव्हा भातकुलीकडच्या एका पुलावर पत्रक काढलं होतं. पुलाला एका बाजूनं कठडाच नव्हता आणि पुढारी फीत कापून मोकळे झाले होते. मॅडमनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"मुद्दा बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पण इतके उद्गारचिन्ह काहून? कोणी पाय देला काय तुह्या पायावर?"

तेव्हापासून मी उद्गारचिन्हं सोडली. चीड ठेवली.

मॅडम अकोल्याच्या एका तंत्रनिकेतनात संगणक शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर अमरावतीला आल्या, एकट्याच राहतात. त्यांच्या बरोबरीच्या बाया दुपारी गुडघ्यांबद्दल बोलत बसतात. मॅडम मोबाईलचा गेम बनवत बसतात. गेमचं नाव 'पंगत'.

लग्नाची पंगत बसलेली आहे. माणसं आपापल्या घरून, आपापल्या मोबाईलवरून त्यात येतात. काही जेवायला बसतात, काही वाढपी होतात. वाढप्यांनी रोडगे, वरण, वांग्याची भाजी, बुंदी घेऊन ओळीतून पळायचं, कुणाचं पान रिकामं राहू द्यायचं नाही आणि बादली सांडायची नाही. जो जास्त पानं सांभाळेल त्याला जास्त गुण. एक नियम मात्र फार कडक: ओळीतल्या शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय कुणीही उठायचं नाही. आणि एकट्यादुकट्यानं गेम सुरूच होत नाही. माणसं कमी असली की पडद्यावर अक्षरं येतात, 'आणखी माणसं येऊ द्या.'

हा गेम पुरा व्हायच्या कितीतरी आधीच मॅडमनी तो लोकांच्या हातात देऊन टाकला. मला हे पटलं नाही. मी तडक वर गेलो.

"मॅडम, हा तर कठडा नसलेला पूल झाला. अर्धवट वस्तू लोकांच्या गळ्यात मारायची."

"पुलावर पाटी होती काय, का बा हा पूल अर्धवट हाय, चुका सांगा?"

"नव्हती."

"माह्या गेमवर हाय. पाय."

खरंच होती. गेम उघडल्याबरोबर पहिलंच वाक्य होतं: 'ही पंगत कच्ची आहे. मीठ पाहा, चूक सांगा.'

"मीठ कवा पायतात? पंगत बसल्यावर का आधी?" मॅडमनी विचारलं.

"नैवेद्याचं आधी चाखत नसतात," मी म्हणालो. वादात हरायची मला सवय नाही.

"म्हणून तं देवाले खारट जाते अन् तो बिचारा बोलत नाई. माणसं बोलतात. बोलू दे."

आणि माणसं बोलायला लागली. मॅडमनी एक ग्रुप काढला होता, त्याचं नावच 'चुका'. तिथला नियम असा की प्रत्येक निरोप 'चूक' या शब्दानं सुरू झाला पाहिजे. कौतुक दिसलं की मॅडम ते पुसून टाकत. तिवस्याच्या एका केटररचा आवाजातला निरोप मी स्वतः ऐकला आहे. "चूक: तुमच्या पंगतीत बुंदी आंधी आली अन् वरण मांगून. आमच्या तिवस्यात असं केलं तं नवरदेवाचा मामा रुसून बसते." अकोल्याच्या एका पोरानं कळवलं, "चूक: ताक खाली पडत नाई, वरतं जाते." मॅडम दिवसभर खुशीत होत्या. प्रोग्राममध्ये अधिकच्या जागी उणे टाकलं गेलं होतं म्हणे. कुणी लिहिलं, "चूक: पानावर हात आडवा धरला तरी भात पडूनच राहिला." यावर मॅडमनी थोडा विचार केला आणि उत्तर दिलं, "खऱ्या पंगतीत बी असंच होते. ठेवू काय?" सगळे म्हणाले, ठेवा.

सांगितलेली चूक दुसऱ्या दिवसापर्यंत दुरुस्त झालेली असायची. मी इतकी पत्रकं काढली, एका खड्ड्यात कुणी मुरूम टाकला नाही. मला मॅडमचा हेवा वाटायचा.

मग प्रणालीचं प्रकरण उभं राहिलं.

प्रणाली ही अंजनगाव सुर्जीच्या पलीकडच्या एका खेड्यातली कॉलेजची पोरगी. तिच्या गावात रेंज फक्त घराच्या स्लॅबवर येते, तीही वारा आल्यासारखी. ही पोरगी स्लॅबवर बसून गेम खेळायची. रेंज गेली की पंगतीतला तिचा माणूस घास तोंडाजवळ धरून पुतळा व्हायचा. तिच्यासारखे आणखीही होते. नियमाप्रमाणे सगळी ओळ त्यांच्यासाठी अडकून पडायची. अमरावती-अकोल्याची पोरं वैतागली.

"चूक: काही लोकं घास धरून फोटो काढाले बसले काय? आमची पंगत उठून नाई राहिली. स्लो नेटवाल्याइची ओळ वेगळी करा."

खाली सगळ्यांचं 'बरोबर हाय', 'वेगळी करा'. एकानं तर शहाणपणानं कळवलं की मोठमोठ्या गेममध्येही असंच करतात, वेगवाले वेगळे, संथवाले वेगळे. काम सोपं होतं. मॅडमना एका संध्याकाळचं.

मॅडमनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग एक ओळ लिहिली: 'ओळ वेगळी होणार नाही.'

पोरं जायला लागली. रोज ओळ आखूड होत गेली. एका संध्याकाळी मी वर गेलो तर मॅडम संगणकापुढे बसलेल्या. पडद्यावर मांडलेल्या पत्रावळी आणि वर तेच वाक्य, 'आणखी माणसं येऊ द्या.' ओळीत एकटा त्यांचाच माणूस मांडी घालून बसलेला. त्या आपल्या गेममध्ये कधी वाढपी होत नाहीत, नेहमी जेवायलाच बसतात, अगदी मधोमध. ग्रुपवर यावरून त्यांची थट्टाही होते, मॅडमले काम नको, बुंदी पाहिजे.

मी चिडलेलोच होतो. "लोकांचं ऐकायचं ही घोषणा तुमची. आणि लोकांनी एकमुखानं सांगितलं तर ऐकत नाही. मग तुमच्यात आणि त्या पूलवाल्यांत फरक काय? एवढ्या एका हट्टापायी गेम बंद पडेल, मॅडम."

"पडन," त्या म्हणाल्या. "भेव तं मलेही वाटून राहिलं." मग पडद्याकडे पाहतच बोलल्या. "मी शाळेत होती तवा माह्या वर्गातल्या पोरीच्या बहिणीचं लग्न होतं. आमच्या वस्तीले बी बलावलं होतं. पण आमची ओळ वेगळी, गोठ्याच्या अंगानं. मांडवातलं वाढून झालं का वाढपी आमच्याकडं येत. माह्या पानात वरण पडलं अन् मांडवातली पंगत उठली. पंगत उठली म्हंजे उठली. बाबा म्हणे, ऊठ. बुंदी अजून यायचीच होती."

मी पडद्यावरच्या रिकाम्या पत्रावळींकडे पाहिलं.

"चूक होती ना ते," मॅडम म्हणाल्या. "पण सांगाव कोणाले? तवा ग्रुप नव्हता."

माझ्या डोक्यात मथळा तयार व्हायला लागला होता. तो त्यांना माझ्या तोंडावर दिसला असावा. "पत्रक नको काढू याचं," त्या म्हणाल्या. "मले पंगत बसवाची हाय."

ती बसवली प्रणालीनं. दोन दिवसांनी ग्रुपवर तिचा निरोप आला. मागे वारा घोंगावत होता, म्हणजे स्लॅबवरूनच बोलत होती. "चूक: आमच्यासाठी थांबून लोकं कटाळतात वो मॅडम. पण खऱ्या पंगतीत थांबलेल्याले कोणी कटाळू देते काय? ज्याइचं जेवण झालं त्याइले आग्रह करा ना."

मॅडम खुर्चीवरून अशा उठल्या की चष्मा खाली पडला. "अरे, आग्रह. मी बह्याड, आग्रहच इसरली."

मग त्यांनी गेममध्ये जे केलं ते इतकंच: ज्याचं जेवण आटोपलं त्याच्यामागे वाढपी बुंदीची बादली घेऊन लागणार. 'एकच घ्या', 'माझ्या हातची घ्या'. त्यानं पानावर हात आडवे धरायचे, वाकायचं, पान लपवायचं. चुकवलं तर त्याला गुण, पानात पडलीच तर वाढप्याला गुण, आणि पडलेली बुंदी संपवावी लागणार. शेवटचा माणूस जितका संथ, तितका बाकीच्यांचा खेळ जास्त.

पुढच्या रविवारी दुपारी सगळ्यांना नव्या पंगतीचं मीठ पाहायला बोलावलं. सोडून गेलेल्यांनाही. त्या दिवशी मॅडमनी मला चहा विचारला नाही. संगणकापुढे बसल्या आणि ते वाक्य पाहत राहिल्या, 'आणखी माणसं येऊ द्या.' मी शेजारी माझा मोबाईल घेऊन मांडी घालून बसलेला. आम्ही दोघंच ओळीत. बाकी पत्रावळी रिकाम्या. मी मोर्चांना कमी माणसं आलेली पुष्कळदा पाहिली आहेत. इतकी धाकधूक कधी झाली नव्हती.

आधी तिवस्याचा केटरर आला. मग अकोल्याचा ताकवाला पोरगा, मग त्याचे दोस्त, एकामागून एक. आणि शेवटी प्रणाली. वाक्य गेलं. पंगत बसली.

प्रणालीची रेंज बुंदीपाशी गेली. तिचा माणूस घास धरून थिजला.  पण तेवढ्यात केटररनं बादली उचलली आणि अकोल्याच्या पोरांवर तुटून पडला. गेममध्ये एकमेकांचे आवाज येतात; फोनवर नुसता गलका. "पुरे, पुरे वो काकाजी." "कायचं पुरे? नवरदेवाची आन हाय." "अबे पान लपव, पान." माझ्या पानात कुणीतरी तीनदा बुंदी टाकली आणि मी वाद घालत बसलो म्हणून माझे गुण गेले. त्यात एक पोरगा ओरडला, "प्रणाली, सावकाश जेव वं, माह्ये गुण वाढून राहिले."

कुणी उठलं नाही. कुणाला उठायचंच नव्हतं.

मग वारा फिरला असेल. घास तोंडात गेला. पान साफ झालं. पंगत उठली, सगळी एकदम. मॅडमनी टेबलावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

'चुका' ग्रुपवर निरोपांचा पाऊस पडला. बादली उलटी धरली जाते, बुंदीचा रंग पिवळा पाहिजे, पत्रकवाला फार भांडतो. सगळ्यांत शेवटी प्रणालीचा आवाज आला. नियमाप्रमाणे तिनं 'चूक' म्हटलं. मग थांबली. नुसता वारा ऐकू येत होता.

"मॅडम, सारी पंगत माह्यासाठी थांबली."

बस, एवढंच.

मॅडमनी ते पुन्हा लावून ऐकलं. मी विचारलं, ही चूक कशी दुरुस्त करणार? त्या उठल्या, आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग चहा उकळत राहिल्याचा, बराच वेळ.

कप पुढ्यात ठेवून त्या समोर बसल्या. डोळे लाल होते. मी घोट घेतला. चहात साखर अजिबात नव्हती.

"कसा झाला?"

"छान," मी म्हणालो.

त्या चिडल्या नाहीत. त्यांनीही आपल्या कपातून एक घोट घेतला, आणि आमच्या दोघांपैकी कुणीच साखरेचं नाव काढलं नाही.